नामानिराळे मालक

कुठल्याही मराठी दैनिकाचं शेवटचं पान उलटा आणि अगदी तळाशी बघा. भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत अशा टायपात दोन-तीन ओळी सापडतील. अमुक मालकांकरिता तमुक मुद्रक-प्रकाशकांनी अमक्या छापखान्यात छापून तमक्या पत्त्यावर प्रसिद्ध केलं, संपादक फलाणे. आणि त्यापुढे, पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. हा पीआरबी कायदा १८६७ चा. आता त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आहे, पण ती ओळ काही गेलेली नाही. वाचक ती कधीच वाचत नाही. अब्रुनुकसानीची नोटीस तयार करणारा वकील मात्र सगळ्यात आधी तीच वाचतो.

मला ती ओळ पाठ आहे, कारण कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षं वाचकांच्या पत्रांचं टेबल सांभाळलं. पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं, वहीचे फाडलेले कागद, नंतर नंतर फॅक्स. टोलविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा तर टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरायची नाही. राजकारणावर लिहिणारा वाचक पेनाला धार लावूनच बसलेला असतो. आमचं काम ती धार थोडी बोथट करून पत्र छापण्यालायक करायचं. नियम साधे होते: नाव, पत्ता, सही. निनावी पत्र कितीही खमंग असलं तरी केराच्या टोपलीत. पत्र छापलं नाही की माणूस चपला वाजवत जिना चढून यायचा. "आवं बाई, धा दिस झालं पत्र दिऊन. आमदाराला भ्या लागलं व्हय तुमाला?" भीती आमदाराची नसायची, त्या तळाच्या ओळीची असायची.

एकदा पन्हाळ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं. साखर कारखान्यात काटामारी होते, हा आरोप आमच्याकडे नवा नाही. हंगाम सुरू झाला की पारावर दुसरा विषय नसतो. पण या गड्याने पत्रासोबत दोन पावत्या जोडल्या होत्या. एक गावाबाहेरच्या खासगी वजनकाट्याची, दुसरी कारखान्याच्या काट्याची. गाडी तीच, तारीख तीच, वजनात मात्र चांगलाच फरक. मी "चोरटे" हा शब्द काढून "वजनातील तफावत" असं केलं, पावत्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्या आणि पत्र छापलं. पुढच्याच आठवड्यात नोटीस आली. तिच्यावर नावं होती ती ओळीने अशी: मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि सगळ्यात शेवटी तो शेतकरी. संपादकांनी मला एवढंच विचारलं, "पावत्या आहेत ना?" त्यानंतर ते तालुक्याच्या कोर्टात तारखांना जात राहिले, कारखान्याच्या वकिलांचा उत्साह संपेपर्यंत. शेतकऱ्याला एकदाही जावं लागलं नाही.

त्या नोटिशीतला नावांचा क्रम लक्षात ठेवा. मालक आधी, लिहिणारा शेवटी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर हा क्रम उलटा झाला. तो कसा झाला आणि त्यात कोणाचं फावलं, हे मला सांगायचं आहे.

आमच्या गावाशी या क्रमाचं जुनं नातं आहे. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रं १८८१ च्या जानेवारीत निघाली, आणि वर्षभराच्या आतच ती कोल्हापूर प्रकरणात सापडली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करतात, असा आरोप होता आणि त्याला आधार म्हणून काही पत्रं संपादकांच्या हाती आली होती. त्यांच्या भरवशावर टिळक-आगरकरांनी लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. आजच्या भाषेत सांगायचं तर फेक न्यूज, पुरवणारा तिसराच. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, त्यातला एक पुरावा म्हणजे 'केसरी'त छापलेली, शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता. खाली कवीचं नाव नव्हतं, नुसती भवानी तलवारीची खूण. नऊ जणांच्या ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. 'केसरी'चा मुद्रक सुटला, मालक-संपादक आत गेला. ब्रिटिशांचा हेतू न्यायाचा होता असं कोणी म्हणणार नाही. पण "मी नाही लिहिलं, कोणीतरी पाठवलं होतं" ही सबब छापणाऱ्याला उपलब्धच नव्हती.

ती सबब जन्माला आली अमेरिकेत, आणि तिची कहाणी मजेदार आहे.

इंटरनेटच्या बाल्यावस्थेत कॉम्प्युसर्व्ह आणि प्रॉडिजी अशा दोन सेवा होत्या. दोन्हींवर लोक येऊन आपापली मतं लिहीत. आमच्या पेठांत तालमीबाहेर काळा फळा असतो, तसे हे फळे समजा. कॉम्प्युसर्व्ह फळ्याकडे बघतही नसे. प्रॉडिजी मात्र शिव्या पुसून टाकी, कारण घरातली पोरंटोरं वाचतात. दोघींवर बदनामीचे दावे झाले. १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह सुटली: तुम्ही वाचतच नाही, तर तुम्हाला दोष कसा देणार? १९९५ मध्ये प्रॉडिजी अडकली: तुम्ही काही पुसता, म्हणजे उरलेलं तुम्हाला मान्य आहे, तुम्ही प्रकाशक. थोडक्यात, जो झाडू मारतो त्यालाच दंड. प्रॉडिजीवर दावा लावणारी कंपनी होती स्ट्रॅटन ओकमाँट. कोणा अनामिकाने लिहिलं होतं की ही शेअर दलालांची कंपनी लबाड आहे. कंपनीच्या अब्रूचं केवढं नुकसान! चारच वर्षांत तिचा संस्थापक जॉर्डन बेलफर्टने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, आणि पुढे त्याच्यावर 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट' हा सिनेमा निघाला. अनामिकाचं म्हणणं खरं होतं.

या निकालाने अमेरिकी संसदेतले दोघे जण अस्वस्थ झाले. रिपब्लिकन ख्रिस कॉक्स आणि डेमोक्रॅट रॉन वायडन. त्यांनी १९९६ च्या कायद्यात एक कलम घातलं, २३० क्रमांकाचं. त्याचा गाभा इंग्रजीत अवघ्या सव्वीस शब्दांचा आहे: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक म्हणून अशा सेवेला धरायचं नाही. तेव्हा हे शहाणपणाचंच होतं. मी त्या जागी असते तर मीही मत दिलं असतं. पण तेव्हा फेसबुक जन्मायला आठ वर्षं अवकाश होता. फळ्याचा मालक एक दिवस जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होईल, कोणाचा मजकूर वर चढवायचा आणि कोणाचा खाली ढकलायचा हे त्याचं यंत्र ठरवील, त्यावर तो जाहिराती विकेल आणि स्वतःही त्याच फळ्यावर येऊन राजकारण करील, हे तेव्हाच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पत्रांच्या टेबलावरचा माणूस जे करतो तेच हे यंत्र करतं: निवडतं, क्रम लावतं, मथळ्याजवळ बसवतं. फक्त तळाला नाव नसतं.

आता आपल्याकडे. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीत बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. खरगपूरच्या आयआयटीतल्या एका विद्यार्थ्याने तिथे एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली होती. उद्योगजगत हादरलं. कोणीही काहीही टाकेल आणि आम्ही तुरुंगात? तक्रार रास्त होती. तिचा परिणाम म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ बदललं आणि दुसऱ्याच्या मजकुरासाठी कंपन्यांना संरक्षण मिळालं. ही दुरुस्ती डिसेंबर २००८ मध्ये संसदेने घाईघाईत, जवळपास चर्चेविना मंजूर केली. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं, ६६ अ. संगणकावरून किंवा मोबाइलवरून कोणाला 'अत्यंत आक्षेपार्ह' वाटेल, 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. एकाच कागदावर एका हाताने मालकाला छत्री दिली आणि दुसऱ्या हाताने वाचकाला पावसात उभं केलं. मला या सगळ्या विषयात याहून बोलकी गोष्ट सापडलेली नाही.

तो पाऊस पालघरला पडला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा, मुंबई बंद. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका तरुणीने बंद कशासाठी, असा प्रश्न फेसबुकवर विचारला. तिच्या मैत्रिणीने तो 'लाइक' केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. बातमी वाचून मनात आलं ते माणूस शेजाऱ्याजवळ बोलतो, तसं ती बोलली होती. आमच्या टेबलावर तसं पत्र आलं असतं तर मी त्यातलं एखादं वाक्य कापून दुसऱ्या दिवशी छापलं असतं आणि काही झालंच असतं तर संपादकांना झालं असतं. इथे मैत्रिणीच्या एका बोटाच्या स्पर्शालाही गुन्हा लागला. फेसबुकचं नाव गुन्ह्यात कुठेच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं तर इथे चोरही कोणी नव्हता. ओरड झाली तेव्हा राज्य सरकारने संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केलं आणि प्रकरण पुढे बंद झालं.

पालघरच्या बातमीवरूनच श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ घटनाबाह्य ठरवलं. आनंद झालाच. पण त्याच निकालाने कलम ७९ ची छत्रीही मोठी केली: कंपनीने मजकूर काढायचा तो न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आल्यावरच; कोणा सामान्य माणसाच्या तक्रारीवरून नाही. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, नाहीतर ज्याला त्याला शेजाऱ्याचा मजकूर काढून हवा असतो. मात्र छत्री कंपनीला ताबडतोब मिळाली, आणि वाचकाच्या डोक्यावरचं कलम रद्द होऊनही पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षं लागतच राहिलं. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयालाच धक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका, असं पुन्हा बजावावं लागलं. शिवाय पोलिसांना कलमांचा तुटवडा नसतो. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी पुण्यातल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली, थोड्याच वेळात काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं आणि पोलिसांनी येरवडा दाखवलं. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावून तिची सुटका केली तेव्हा तिची परीक्षा सुरू होती.

मग मालकांना कोणी हात लावतच नाही का? लावतात. पण कोण लावतं ते बघण्यासारखं आहे.

इलॉन मस्कने ७ ऑगस्ट २०१८ रोजी ट्विटरवर लिहिलं की टेस्ला कंपनी शेअर बाजारातून काढून खासगी करण्याच्या विचारात तो आहे आणि पैशांची सोय झाली आहे. शेअर उसळला. सोय तशी झालेलीच नव्हती, असं म्हणत अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकाने खटला भरला. तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांनी प्रत्येकी दोन कोटी डॉलर भरले, आणि मस्कला अध्यक्षपद सोडावं लागलं. २०२२ मध्ये त्याने ४४ अब्ज डॉलरला ट्विटरच विकत घेतलं. त्याआधी गुपचूप शेअर गोळा करताना पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचं वेळेत जाहीर केलं नाही, त्यामुळे विकणाऱ्यांचं किमान पंधरा कोटी डॉलरचं नुकसान झालं, असा दावा त्याच नियंत्रकाने जानेवारी २०२५ मध्ये लावला. दोन्ही प्रकरणांत दुखावलेला माणूस कोण? शेअरवाला. फेसबुकवाल्या झुकरबर्गचंही तेच. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात कोट्यवधी लोकांची माहिती राजकीय प्रचारवाल्यांच्या हाती गेली, त्याबद्दल २०१९ मध्ये फेसबुकने पाच अब्ज डॉलर दंड भरला. तो कंपनीने भरला, त्याने नव्हे. हा पैसा मालकाने आणि संचालकांनी आपल्या खिशातून कंपनीला परत द्यावा म्हणून भागधारकांनी डेलावेअरच्या न्यायालयात खटला भरला. जुलै २०२५ मध्ये सुनावणी सुरू झाली. बडे बडे साक्षीला यायचे होते, झुकरबर्गसुद्धा. दुसऱ्याच दिवशी तडजोड झाली आणि झुकरबर्ग साक्षीच्या पिंजऱ्यात आलाच नाही. ज्यांची माहिती गेली ते वाचक त्या दालनात कोणाच्याच बाजूने उभे नव्हते.

दुसरा हात लावणारा म्हणजे सरकार किंवा न्यायसंस्था. इथे ब्राझीलची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती थेट आमच्या तळाच्या ओळीची आहे. ८ जानेवारी २०२३ रोजी तिथल्या राजधानीत माजी अध्यक्षांच्या समर्थकांनी संसद आणि सर्वोच्च न्यायालयात घुसून नासधूस केली. निवडणुकीबद्दल खोटं पसरवणारी खाती बंद करा, असं न्यायमूर्ती अलेशांद्रे दि मोराइस सांगत होते. मस्कची 'एक्स' कंपनी, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, ऐकत नव्हती आणि दंड साचत होता. मोराइस यांनी कंपनीच्या स्थानिक प्रतिनिधीला अटकेची तंबी दिली तेव्हा १७ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीने देशातलं कार्यालयच गुंडाळलं. ब्राझीलचा कायदा म्हणतो, इथे धंदा करायचा तर इथला एक जबाबदार माणूस दाखवा. न्यायालयाने चोवीस तासांची मुदत दिली. नाव द्या. मस्कने दिलं नाही, उलट न्यायमूर्तींची टिंगल केली. ३० ऑगस्टला सुमारे दोन कोटी लोकांचं 'एक्स' बंद झालं. वर त्याच मालकाच्या स्टारलिंक कंपनीची खाती गोठवली, दोन्ही कंपन्यांच्या खात्यांतून दंडाचे पैसे वळते करून घेतले. अखेर मस्क नमला. वकील नेमला, प्रतिनिधीचं नाव दिलं, उरलेला दंड भरला. तोही आधी चुकीच्या बँकेत, त्यामुळे आणखी काही दिवस गेले. ८ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली.

मला यात न्यायालयाचं कौतुक वाटतं, पण अर्धंच. त्याच आदेशात एक ओळ होती: बंदी असताना कोणी आडवाटेने, व्हीपीएन वापरून 'एक्स' उघडलं तर त्याला रोज पन्नास हजार रेआल दंड. म्हणजे मालकाशी भांडतानाही दंडुका वाचकाच्या पाठीजवळून फिरला.

आपल्या सरकारनेही २०२१ च्या नियमांत मोठ्या समाजमाध्यमांना भारतात राहणारे अधिकारी नेमायला लावले, त्यातल्या एकावर फौजदारी जबाबदारीही टाकली. ट्विटरने बरेच आढेवेढे घेतले, दिल्ली उच्च न्यायालयाने खडसावलं, मग नेमणुका झाल्या. कागदावर ही तळाची ओळच झाली. फरक एवढाच की तिच्यात नाव आलं ते पगारी नोकराचं. वड्याचं तेल वांग्यावर. आणि त्या नोकराच्या मानगुटीवर बसून सरकारला हवं ते काढून घेता येतं. शेतकरी आंदोलनाच्या काळातली खाती आणि ट्विट्स बंद करण्याच्या आदेशांना ट्विटरने कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तर जून २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि वर पन्नास लाखांचा भुर्दंड बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये, मजकूर काढायला सांगणाऱ्या 'सहयोग' या सरकारी पोर्टलविरुद्धची 'एक्स'ची याचिकाही त्याच न्यायालयाने फेटाळली. मस्क कितीही मग्रूर असो, या खटल्यांत कंपनी जे मांडत होती ते वाचकाच्याही हिताचं होतं. मुंबईत उलटं घडलं. केंद्र सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारचाच एक विभाग ठरवणार, असा नियम २०२३ मध्ये आला. त्याला कुणाल कामरा या विनोदकाराने आव्हान दिलं. दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, प्रकरण तिसऱ्यांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी कामराच्या बाजूने कौल दिला. नियम गेला. तो घालवला एका विनोदकाराने.

तर मालकाला जाब विचारणारे दोनच: भागधारक आणि सत्ता. सत्तेशी जमवून घेतलं की उरला एकच. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांच्या शपथविधीला मस्क, ॲमेझॉनचा बेझोस, झुकरबर्ग, गूगलचा पिचाई होऊ घातलेल्या मंत्र्यांच्या पुढे जाऊन बसलेले जगाने पाहिले. अमेरिकी संसदेवरच्या हल्ल्यानंतर आपली खाती बंद केली म्हणून ट्रम्प यांनी २०२१ मध्ये फेसबुक, ट्विटर आणि यूट्यूबवर दावे लावले होते. ट्विटरवरचा दावा तर न्यायाधीशांनी २०२२ मध्ये फेटाळलाही होता. कायदा कंपन्यांच्या बाजूने होता. तरी २०२५ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने अडीच कोटी, 'एक्स'ने सुमारे एक कोटी आणि यूट्यूबने २ कोटी ४५ लाख डॉलर मोजून तडजोडी केल्या. तुमचं-माझं खातं बंद केलं तर उत्तर यंत्र देतं.

वाचकाच्या हातात काय उरतं? वर्गणी. बेझोसने २०१३ मध्ये 'द वॉशिंग्टन पोस्ट' पंचवीस कोटी डॉलरला घेतला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, अध्यक्षीय निवडणूक दीड आठवड्यावर असताना, पत्राने जाहीर केलं की यंदा आम्ही कोणालाच पाठिंबा देणार नाही. कमला हॅरिस यांना पाठिंब्याचा अग्रलेख तयार होता, मालकाने थांबवला. पुढच्या काही दिवसांत अडीच लाखांवर वाचकांनी वर्गणी बंद केली. पंचवीस लाखांतले अडीच लाख, म्हणजे दहातला एक. पत्रांच्या टेबलावर बसलेल्या बाईला या आकड्याने भरून येतं, खोटं कशाला बोलू? पण हिशेब करा. बेझोसचे पैसे ॲमेझॉनमधून येतात, त्याच्या रॉकेट कंपनीची कंत्राटं सरकारकडून येतात. वर्गणीचा फटका बसला तो वार्ताहरांना. पत्राची व्यंगचित्रकार ॲन टेल्नेस हिने ट्रम्पपुढे गुडघे टेकून थैल्या धरलेल्या धनिकांचं चित्र काढलं, त्यात बेझोसही होता. चित्र नाकारलं गेलं. तिने जानेवारी २०२५ मध्ये राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं.

तुलनेला फॉक्स न्यूज घ्या. २०२० ची निवडणूक मतदान यंत्रांनी चोरली, हे खोटं त्या वाहिनीने चालवलं. यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने कोर्टात खेचलं आणि एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. तेच खोटं फेसबुक-ट्विटरवरून कितीतरी अधिक डोळ्यांपुढून गेलं. तिथे बिल शून्य, कारण बोलणारे 'दुसरे' होते.

राहता राहिला आपला व्हॉट्सॲप गट. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गटात एका सदस्याने एका महिलेबद्दल गलिच्छ लिहिलं, आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तो रद्द केला. ॲडमिनला माणसं घेता-काढता येतात, लिहिण्याआधी मजकूर तपासता येत नाही. दोघांचा मिळून बेत असल्याचा पुरावा नसेल तर दुसऱ्याच्या लिखाणासाठी त्याला धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. छत्रीचा एक तुकडा साध्या माणसाच्या डोक्यावर आला तो असा.

आमच्या कॉलनीच्या गटाचे ॲडमिन पोस्टातून निवृत्त झालेले आहेत. विधानसभेच्या निवडणुकीत एका उमेदवारावरून गटात जुंपली तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले. मी त्यांना हा निकाल समजावून सांगितला, तारखेसकट. त्यांनी चहा संपवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, कोर्ट नागपुरात हाय, पोलीस चौकी आमच्या गल्लीच्या तोंडाला." घरी जाऊन त्यांनी गटात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून टाकली. ती अजून तशीच आहे. सकाळी पाण्याच्या टँकरची वेळ येते, बाकी काही येत नाही.